कॅन-ॲमची तीनचाकी : खुब्याच्या ऑपरेशननंतर घ्यावी का?

कायनेटिकवाली (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. वय ५६, उंची पाच फूट एक इंच. पुण्यात कॉलेजात असताना लुना आणि पुढे नोकरीभर कायनेटिक होंडा चालवली. इकडे आल्यावर दुचाकी सुटली ती सुटलीच. गेल्या वर्षी डाव्या खुब्याचा सांधा बदलला. चालणं-फिरणं आता छान आहे. पण सिग्नलला जड मोटरसायकल एका पायावर तोलून धरायची माझी तयारी नाही, आणि डॉक्टरांचीही नाही.

आमच्या भागात मिशन बुलेव्हार्डवर एक बाई पुढे दोन चाकं नि मागे एक अशी कॅन-ॲमची गाडी चालवताना दिसतात. माझ्याहून वयाने मोठ्याच असतील. त्यांना पाहिल्यापासून विषय डोक्यातून जात नाही. घरी बोलले तर यजमान म्हणाले, "ती म्हणजे रिक्षाच झाली, वळणावर कलंडेल." मुलाचं म्हणणं, तेवढ्या पैशात माझदाची जुनी मियाटा, टप उघडणारी छोटी मोटार, येईल, ती घे.

म्हणून इथे विचारते. लायसन्स वेगळं काढावं लागतं का? खरंच उलटते का? कॅन-ॲमच्या रायकर आणि स्पायडर या दोन गाड्यांतली मला कुठली झेपेल? मागे यजमानांना बसवता येईल का? पावसाचं काय? आणि एक प्रश्न ज्यांनी आधी दुचाकी चालवली आहे त्यांच्यासाठी : गाडीवर बसल्यावर जे वाटायचं ते हिच्यावर वाटतं का, की ही फक्त टप काढलेली मोटार आहे? मला बाकी सगळ्यापेक्षा याचंच उत्तर हवं आहे.

लिव्हरमोरचा_स्वार

ताई, माझ्याकडे आधी स्पायडरचं एफ-थ्री मॉडेल होतं, आता स्पायडरचंच आरटी आहे. त्याच्याही आधी कोल्हापुरात बुलेट आणि इकडे आल्यावर एक होंडा. डाव्या घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसले, थंडीत घोटा धरायला लागला, चढावर थांबताना गाडी पेलेल याचा भरवसा वाटेना. म्हणून तीन चाकांवर आलो. सोपं आधी उरकतो.

कॅलिफोर्नियात तुमचं मोटारीचं क्लास सी लायसन्स हिला पुरतं. एम-वन लागतं ते दुचाकीला. हा नियम फक्त या राज्याचा. बाकी वाचकांनी आपापल्या राज्याच्या डीएमव्हीचं (इकडचं आरटीओ) बघावं, कारण काही राज्यांत मोटरसायकलचंच लायसन्स लागतं. हेल्मेट इथे सक्तीचं. नोंदणी आणि विमा, दोन्ही मोटरसायकल म्हणूनच.

पण लायसन्स पुरलं म्हणजे गाडी चालवता आली असं नाही. मला कळकळीने सांगायचंय ते हेच. ही कोणालाही जमते असं सगळे म्हणतात, आणि दुकानाच्या आवारातून बाहेर काढणं खरोखरच कोणालाही जमतं. त्याच जोरावर माणूस दुसऱ्या दिवशी फ्रीवेवर जातो. ही मोटरसायकल नाही आणि मोटारही नाही. तुमच्यासारखीला, जिच्या हातात दुचाकी मुरली आहे, काही गोष्टी पूर्ण उलट्या शिकाव्या लागतील.

पहिली, हँडल. दुचाकी वेगात असताना उजवीकडे वळायचं तर आपण नकळत उजवी मूठ किंचित पुढे रेटतो. गाडी उजवीकडे कलते आणि वळते. कायनेटिकवर तुम्ही हेच करत होतात, कोणी शिकवलं नसलं तरी. इथे उजवी मूठ रेटलीत तर गाडी डावीकडे जाईल. चाकं कलत नाहीत. हँडल फिरेल तिकडे गाडी. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची मूठ ओढायची आणि दुसरी ढकलायची. कागदावर हे क्षुल्लक वाटतं. पण समोर अचानक कुत्रं आलं की हात डोक्याला न विचारता जुनी सवय बाहेर काढतात. म्हणून मोकळ्या मैदानात, कमी वेगात, हे इतकं घोटायचं की जुनी सवय मागे पडली पाहिजे.

दुसरी, ब्रेक. हँडलवर ब्रेकचा खटकाच नाही. उजव्या पायाखाली एकच पेडल, ते तिन्ही चाकांना लागतं, एबीएस धरून. तुमची बोटं पुढच्या ब्रेकचा खटका शोधतील आणि तिथे काहीही सापडणार नाही. घाबरल्यावर पाय आपसूक पेडलवर पडायला हवा. तेवढा सराव झाल्याशिवाय रहदारीत जाऊ नका.

तिसरी तुमच्या खुब्यासाठी सर्वांत महत्त्वाची. थांबताना पाय खाली टाकायचा नाही. गाडी स्वतःच्या तीन चाकांवर उभी राहते. हलत्या गाडीवरून पाय टेकवलात तर तो पायटा आणि रस्ता यांच्यामध्ये सापडून मागे ओढला जाऊ शकतो. जुने बुलेटवाले इथेच पाय दुखावून घेतात.

आता रिक्षा. यजमानांची शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर आहे. वळणावर ब्रेक दाबला की वजन पुढे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या पुढच्या कोपऱ्याकडे सरकतं. रिक्षाला पुढे एकच चाक, तेही मधोमध. त्या कोपऱ्यात तिला टेकूच नाही. म्हणून ती त्या अंगावर कलंडते. स्पायडर आणि रायकरला बरोबर त्याच कोपऱ्यात चाक आहे. हार्लेची ट्राय ग्लाइड मात्र रिक्षाच्या मांडणीची, पुढे एक, मागे दोन. गाडी उत्तम आहे, पण तिच्यावर वळणाच्या आत ब्रेक मारायची सवय चालत नाही.

यावरून कॅन-ॲम उलटतच नाही असं धरू नका. एकाच वळणावर ताशी २० मैलांऐवजी ४० ने गेलात तर बाहेर फेकणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. गाडीत बॉशच्या सहकार्याने बनवलेली स्थिरता यंत्रणा आहे. आतलं पुढचं चाक हलकं होऊ लागलं की ती इंजिनाचा जोर उतरवते आणि लागेल त्या चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते. डोंगरात तिचा हात पाठीवर असल्याचं मला जाणवलेलं आहे. पण टायरला रस्त्यावर जितकी पकड आहे त्याहून जास्त ती आणू शकत नाही. तेव्हा वेग वळणाच्या आधीच उतरवायचा, नजर वळण जिथे सुटतं तिथे, आणि खांदे आतल्या बाजूला. गाडी कलत नाही म्हणून तुम्ही कलायचं.

खड्ड्यांबद्दल कोणी सांगत नाही. दुचाकी खड्डा चुकवून बाजूने जाते, मोटार तो दोन चाकांच्या मध्ये घेते. हिची चाकं मात्र रस्त्यावर तीन वेगळ्या रेघा मारत जातात. पुढची दोन्ही खड्ड्याच्या दोन बाजूंनी गेली की मागचं चाक बरोबर त्यात. म्हणून लांबूनच खड्डा हेरून अख्खी गाडी सरकवायची.

पावसाचा प्रश्नही याच मागच्या चाकाशी जाऊन थांबतो. लेनच्या मधोमध, विशेषतः सिग्नल आणि टोलनाक्यांजवळ, गाड्यांतून ठिबकलेल्या तेलाचा पट्टा असतो. मोटारीची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात; आपलं मागचं, म्हणजे गाडी ओढणारं चाक, थेट त्यावरून. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर पाऊस नाही, त्यामुळे पहिल्या पावसात तो पट्टा सगळ्यात निसरडा. पहिल्या पावसाला मी गाडी काढतच नाही, आणि तुम्हीही काढू नका. पुढे रस्ते धुऊन निघाल्यावर मात्र दोन चाकांपेक्षा हिच्यावर कितीतरी निर्धास्त वाटतं, फक्त साचलेल्या पाण्यात वेग उतरवायचा, कारण मागचा टायर रुंद आणि सपाट आहे, पाण्यावर तरंगतो.

दुचाकीवाले दोन रांगांच्या मधून निघून जातात तसं आपल्याला जाता येत नाही. इथला लेन स्प्लिटिंगचा कायदा दोन चाकांवर चालणाऱ्या मोटरसायकलपुरताच आहे. गाडी दीड मीटर रुंद असल्याने तशी जागाही मिळत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. वारा, वास, थंडी-ऊन, रस्त्याचा आवाज, सगळं तेच. सनोलकडून कॅलाव्हेरस रोडला लागलं की पावसाळ्यानंतरच्या हिरव्या डोंगरांचा ओला वास हेल्मेटात शिरतो, तो मोटारीत कधी येत नाही. एकच गोष्ट जाते : कलणं. वळणावर दुचाकी आपल्याला आत घेते, ही बाहेर लोटते आणि आपण पोटाच्या, मांड्यांच्या जोराने तिच्यावर टिकून राहतो. सुरुवातीला मला याचं फार वाईट वाटलं होतं. मग त्यातही कसब आहे हे कळत गेलं, आणि आता मला ते आवडतं. कॅन-ॲम बनवणारी बीआरपी ही कॅनडात क्वेबेकमधल्या व्हालकूरची कंपनी. बर्फावरची स्की-डू ही गाडी त्याच गावची, १९५९ पासूनची. पुढे दोन स्की, मागे एक पट्टा. २००७ साली आलेली स्पायडर त्याच मांडणीतली आहे. तिला दुचाकीच्या मापाने मोजलं की अन्याय होतो.

विकत घेण्याआधी तीनचाकीचा स्वतंत्र बेसिक रायडर कोर्स करा. मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा आहे. दुचाकीचा नाही, तीनचाकीचाच.

सांगलीकर

मी कॅन-ॲम चालवलेली नाही, पण तीन चाकांवर वाढलोय. आमच्या वडिलांच्या बजाज स्कूटरला साइडकार होती. आई आणि धाकटी बहीण साइडकारमध्ये, मी वडिलांच्या मागे. पुढे मी ती स्वतः चालवली, म्हणून वरच्या उत्तरात एक भर घालतो.

साइडकार डाव्या बाजूला. डावीकडे वळताना ती रिकामी असली की तिचं चाक जमीन सोडायचं. म्हणून आई बरोबर नसेल तेव्हा वडील तिच्यात ज्वारीचं पोतं ठेवत. शिवाय गाडी कधीच सरळ वागत नसे. ॲक्सिलरेटर दिला की साइडकार मागे रेंगाळायची, म्हणून गाडी डावीकडे ओढायची. ब्रेक दाबला की साइडकार आपल्या वेगाने पुढे जायला बघायची आणि गाडी उजवीकडे ओढायची. वडील दोन्ही वेळा हँडल न दिसेल इतकं उलट धरायचे. ते मला अंगात मुरवायला पूर्ण उन्हाळ्याची सुट्टी लागली.

हे सांगायचं कारण असं की तीन चाकं म्हटल्यावर लोक सगळ्यांना एकाच हिशेबात धरतात. साइडकार, रिक्षा, अपंगांसाठी बाजूला चाकं लावलेली स्कूटर आणि ही कॅन-ॲम, सगळ्यांचे वळणावरचे स्वभाव वेगळे. यामाहाची निकेन आणि पियाजोची एमपी-थ्री यांना पुढे दोन चाकं आहेत, पण त्या दुचाकीसारख्या कलतात. त्यातली निकेन तर थांबल्यावर पाय टेकवूनच उभी ठेवावी लागते. ताई, तुमच्या खुब्याला ती अजिबात नको. दुकानदाराने "तीनच चाकं आहेत ना" म्हणून ती दाखवली तर बसूही नका.

रायकरवाली_सॅक्रामेंटो

मी पाच फूट दोन, माझ्याकडे रायकर ९००. उंचीचा नि खुब्याचा मुद्दा मी सांगते, कारण लिव्हरमोरचे दादा उंच असावेत.

रायकरची सीट जमिनीपासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर. एफ-थ्रीची साधारण ६७, आरटीची ७५ च्या पुढे. बुटक्या माणसाला वाटतं जितकी खाली तितकं बरं. पाय पलीकडे टाकायला खरंच बरं. पण इतक्या खाली बसल्यावर उठताना खुब्यातून जोर द्यावा लागतो, आणि सांधा बदललेल्यांना खुबा किती दुमडायचा याची मर्यादा घालून देतात. तुमच्या सर्जनना सीटची उंची सांगून विचारा. आरटीवर खुर्चीसारखं बसता येतं, पण पाय उंच टाकायला लागतो. तेव्हा दुकानात जाऊन तिन्हींवर बसा, उतरा, परत बसा. कोणी घाई केली तर दुसऱ्या दिवशी परत जा. कोणता पाय आधी टाकायचा तेही तिथेच ठरवा. डावा खुबा नवा असेल तर उजवीकडून चढणं सोयीचं पडेल का ते बघा.

रायकरचं हँडल आणि पायटे हत्याराशिवाय पुढे-मागे करता येतात. आमच्याकडे मुलगी चालवते तेव्हा ती सरकवून घेते. क्लच-गिअर नाही, तुमच्या कायनेटिकसारखीच मूठ पिळायची. रिव्हर्सचा दांडा डाव्या पायाशी आहे, तो तुमच्या डाव्या पायाला जड जातो का तेही बघून घ्या. स्पायडरच्या सेमी-ऑटोमॅटिक मॉडेलला गिअर डाव्या मुठीशी बोटाने बदलायचे, क्लच नाही, आणि रिव्हर्स बटणाने.

एक फरक फार महत्त्वाचा : स्पायडरला पॉवर स्टीअरिंग आहे, रायकरला नाही. रायकर पावणेतीनशे किलोच्या आसपास, हलकी आहे म्हणून चालून जातं, पण मनगटं आणि खांदे पहिले काही आठवडे बोलतात. आरटी साडेचारशे किलोंच्या वर. ढकलायची वेळ आली तर ती एकटीने हलत नाही.

यजमानांना मागे बसवायचं असेल तर रायकरच्या साध्या मॉडेलवर ती सोय नसते. मागे वेगळा सांगाडा बसवून मग सीट लावावी लागते. रॅली मॉडेलला तो आधीच असतो. सामानालाही रायकरवर हातमोजे मावतील एवढाच कप्पा. दोघांनी मिळून माँटेरेला जायचं मनात असेल तर आरटीच. पाठीला टेकू, तिन्ही बाजूंना डिक्की. किमतीत मात्र फार अंतर आहे. रायकर ६०० आली तेव्हा, २०१९ च्या मॉडेलला, ८,४९९ डॉलर होती, नंतर वाढली. आरटी नवी घ्यायची तर तिच्या दुपटीहून जास्त.

कायनेटिकवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. मी तीनचाकीच्या कोर्सला नाव घातलं. यजमानांना रिक्षाचं उत्तर वाचून दाखवलं. ते बराच वेळ कागदावर तीन टिंबं काढून बघत होते, आणि मग म्हणाले, कोर्सला मीही येतो.

सर्जनशी बोलले. ते म्हणाले, ६० सेंटिमीटर नको, त्याहून वर बघा. म्हणजे रायकर बाद झाली, जरा चुटपुट लागली. नवी आरटी आम्हाला परवडणार नाही. जुनी घेताना काय बघायचं? आणि फ्रीमाँटमध्ये सराव कुठे करू?

लिव्हरमोरचा_स्वार

दोघं येताय हे फार चांगलं. मागे बसणाऱ्यालाही वळणावर आत झुकायचं असतं हे त्यांना तिथेच कळेल.

जुनी घ्यायची तर साल बघून घ्या. २०१२ पर्यंतच्या गाड्यांची पुढची चाकं १४ इंची, ब्रेक लहान. २०१३ पासून चाकं १५ इंची झाली आणि ब्रेक मोठे आले. आरटीला तीन सिलिंडरचं १३३० सीसी रोटॅक्स इंजिन आलं २०१४ मध्ये. माझं स्पष्ट मत : २०१४ च्या आधीची आरटी स्वस्त मिळाली तरी नको. आधीचं दोन सिलिंडरचं ९९० व्ही-ट्विन इंजिन कमी वेगात धक्के देतं, आणि तुम्हाला सुरुवातीला कमी वेगातच जास्त राहायचंय. तुमच्या उंचीला जुनी एफ-थ्रीही बघा, ती २०१५ च्या मॉडेलपासून त्याच इंजिनाची आहे आणि तिची सीट तुमच्या सर्जननी आखलेल्या रेषेच्या वर बसते. पाय पुढे ठेवून बसायचं असतं, ते खुब्याला कसं वाटतं हे बसूनच कळेल.

गाडीचा व्हीआयएन (चासी) क्रमांक घेऊन एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावली आहे का, ते तपासा. कुठलं काम राहिलं असेल तर डीलरकडे ते फुकट होतं. मग टायर. मागचा पुढच्या दोघांच्या आधी झिजतो, आणि मधोमध झिजतो. हात फिरवून बघा. पुढच्या दोघांची झीज एकसारखी नसेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे, भावात ते धरा. मागच्या चाकाला चेन नाही, पट्टा आहे. त्याचे दात आणि कडा उजेडात तपासा, उसवलेली कड दिसली तर नवा पट्टा विकणाऱ्याच्या खर्चाने. रिव्हर्स टाकून, सपाटीवर आणि चढावर, दोन्हीकडे बघा.

हवेचं लक्षात ठेवा. टायर मोटारीसारखे दिसतात म्हणून दुकानातला पोऱ्या ३२-३५ पीएसआय भरून मोकळा होतो. पुढच्यांना त्याच्या जवळपास निम्मीच लागते. नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो. जास्त हवा भरली की गाडी सरळ रस्त्यावरही इकडेतिकडे पळते, आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. गाडी घरी आणल्यावर पहिलं काम हेच करा.

सरावाला रविवारी सकाळी वॉर्म स्प्रिंग्जकडचे कारखान्यांचे रस्ते घ्या, रिकामे असतात. तिथे फक्त हँडल आणि ब्रेक. मग पासिओ पाद्रे पार्कवे. सरळ, सिग्नलवाला, पाय खाली न टाकायची सवय तिथे लागते. डंबार्टन पूल इतक्यात नको, खाडीवरचा वारा आडवा येतो. नाइल्स कॅन्यन घराजवळ आहे म्हणून मोह होईल, पण रस्ता अरुंद, वळणं आंधळी आणि मागून येणारे घाईत. तो हात बसल्यावर.

कोर्सला घोटा झाकणारे बूट घालून जा, दोघंही. बाकी सामान नंतर घ्या, पण हातमोजे आणि बूट आधी.

कायनेटिकवाली

२०१७ ची एफ-थ्री हेवर्डला एकांकडे आहे. बसून पाहिली, खुब्याला काही त्रास झाला नाही. व्हीआयएन तपासला, एक रिकॉल राहिलंय. विकणारे म्हणाले, मी करून देतो. मी करून घेतल्याचा डीलरचा कागद मागितला आहे. पुढचे टायर एकसारखे झिजलेत, मागचा मधोमध संपत आलाय. तो नवा घालून मगच पैसे द्यायचे, की किमतीतून कापून मी स्वतः घालू?

लिव्हरमोरचा_स्वार

कापून घ्या आणि स्वतः घाला. विकणारा सगळ्यात स्वस्त टायर घालेल, आणि तुमचं सगळं ओढणं त्या एकाच चाकावर आहे.